धाकटीचं लग्न, आमच्याच वावरात

थोरली आत्या माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नात न जेवता गेली, हे मी आधीच सांगून टाकते. कारण लग्नाला आता दोन वर्षं होत आली तरी लोक मला विचारतात की एवढ्या कमी पैशात कसं केलंत, यादी पाठव, आचारी कोण होता ते सांग, आणि मी सगळं सांगते पण आत्याचं सांगायचं राहून जातं आणि मग मलाच चुकल्यासारखं वाटतं. म्हणून यावेळी सगळं लिहायला घेतलं, जमलं ते पण आणि हुकलं ते पण.

आमचं गाव वाई तालुक्यात, धोम धरणाच्या कालव्याखाली. मी लग्न होऊन पुण्यात धायरीला असते, एका ऑफिसात अकाउंट्स बघते. घरी आई, आण्णा म्हणजे माझे वडील, आणि धाकटी. अडीच एकर रान, त्यात ऊस, हळद, थोडं आलं, पाणी मिळेल तेवढा गहू. धाकटीचं दिवाळीच्या आधी जमलं, मुलगा कराडकडचा, खतं-बियाण्यांच्या दुकानात कामाला, घरची माणसं साधी. तुळशीची लग्नं झाली की याद्या करू आणि माघात बार उडवून देऊ असं ठरलं, म्हणजे हातात तीन महिने.

पहिल्याच रविवारी मी, आण्णा आणि मामा कार्यालय बघायला गेलो. तिथल्या माणसाने कागदावर लिहून दिलं, हॉल 85 हजार, ताट 250 रुपये म्हणजे पाचशे माणूस धरून सव्वा लाख, डेकोरेशन 40 हजार, फोटो-व्हिडिओ 60 हजार. तीन लाख दहा हजार झाले, आणि यात कपडे नाहीत, वाजंत्री नाही, मानपान नाही, गाड्या नाहीत. आण्णांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि घरी येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. रात्री जेवताना म्हणाले पतसंस्थेतून उचलू, तुझ्या वेळी उचललेलेच की.

माझ्या वेळी उचललेले म्हणूनच तर मला नको होतं. माझ्या लग्नाचं कर्ज आण्णा सहा वर्षं फेडत होते, मधे एका वर्षी आल्याचा दर असा पडला की काढणीची मजुरी पण सुटेना, त्या वर्षी हप्ता भरायला आईने शेळ्या विकल्या. मला तेव्हा कुणी सांगितलं नाही, खूप नंतर धाकटीच्या बोलण्यातून कळलं. ज्या लग्नाचा अल्बम मी वर्षातून एकदा उघडत असेन त्याच्यासाठी आईच्या शेळ्या गेल्या, हे अजून माझ्या मनातून जात नाही. धाकटीने त्याच रात्री सांगून टाकलं, माझ्यासाठी कर्ज काढलंत तर मी नोंदणी ऑफिसात जाऊन लग्न करून येईन. ती बोलते ते करते. घरात उसाच्या बिलाचे आणि माझे असे मिळून दीड लाख होत होते, त्यातच बसवायचं ठरलं. सोनं तेवढं वेगळं, त्याला आईच्या जुन्या पाटल्या मोडल्या.

मी सजावट वगैरे काही बघायच्या आधी माणसांची यादी हातात घेतली. लग्नाचा खर्च माणसांनी वाढतो तेवढा दुसऱ्या कशानेच वाढत नाही हे माझं पक्कं मत झालंय, ताट तर आहेच पण खुर्च्या, मांडवाची लांबी, पाण्याचे जार, टोपी-टॉवेल, सगळं त्याच आकड्याने गुणलं जातं, तो आकडा एकदा सुटला की मग फुलांत चार पैसे वाचवून काही होत नाही. माझ्या लग्नातली आहेराची वही आईने ट्रंकेत जपून ठेवली होती, त्यात 640 नावं. आण्णांचं म्हणणं की ज्याने आपल्याकडे आहेर केलाय त्याला बोलवलंच पाहिजे, आणि ते खोटं नाही, ती एक प्रकारची उसनवारीच असते. तीन रात्री आम्ही ती वही घेऊन बसलो. एकेक नाव आलं की आई सांगायची, हे कुणातले, आजीच्या आजारपणात यांनी बैलगाडी दिली होती, ह्यांच्या पोरीला आपण वर्षभर दूध घातलं होतं. मला वाटायचं मी यादी कमी करायला बसलीये, पण खरं तर त्या तीन रात्रीत मला आमचं गाव कळलं.

आमच्याकडे आमंत्रणाच्या दोन तऱ्हा आहेत. चूलबंद म्हणजे त्या घरात त्या दिवशी चूल पेटवायची नाही, सगळ्यांनी जेवायला यायचं. आणि घरटी एक म्हणजे प्रत्येक घरातून एक माणूस. कार्यालयातली लग्नं सुरू झाल्यापासून सगळ्यांना सरसकट चूलबंदच द्यायची सवय लागली, आम्ही फक्त जुनी पद्धत परत काढली. सख्खी भावकी आणि मामाकडचे चूलबंद, बाकी गाव घरटी एक, आणि लांबच्या पावण्यांना मी फोन करून सांगितलं की लग्न घरचं आहे, लहान आहे, जोडी घेऊन आम्हीच तुमच्याकडे येऊ. बुधवारचा मुहूर्त मुद्दाम धरला, कामाचा वार म्हणून. मुलाकडचे 70 धरून आकडा आला 230. असे 94 फोन मी केले, संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर रोज सात-आठ, वहीत टिक मारत. पहिले दहा फोन करताना माझा आवाज नीट निघत नव्हता. नंतर लक्षात आलं की आधीच, मोकळेपणाने सांगितलं तर लोक समजून घेतात, पाच-सहा जणांनी तर बरं केलंस, आमच्या पोरीच्या वेळी आम्हालाही असंच करायचंय असं म्हटलं. आण्णांच्या बाजूची अगदी जवळची जी चार-पाच घरं, तिथे आण्णा स्वतः जाऊन पत्रिका देणार आणि सांगणार होते. थोरली आत्या त्यात होती.

मग याद्या. बाहेरच्या लोकांसाठी सांगते, याद्या म्हणजे दोन्हीकडची चार-चार माणसं बसतात आणि कुणी काय करायचं ते कागदावर लिहून खाली सह्या करतात, कागदाच्या कोपऱ्यांना हळद-कुंकू लावतात. साधारण इथेच खर्च वाढतो, कारण बोलता बोलता कुणीतरी म्हणतं आमच्या एवढ्या बायकांना साड्या, एवढ्या माणसांना पोशाख, आणि नाही म्हणायला तोंड उघडत नाही. मी आधीच मुलाच्या थोरल्या भावाशी फोनवर बोलून घेतलं होतं आणि त्यांनाही तेच पाहिजे होतं. आम्ही लिहिलं ते असं, आहेर आणि मानपान दोन्ही बाजूंनी बंद, शालू त्यांचा, नवरदेवाचा पोशाख आमचा, जेवणाला त्यांच्याकडून 25 हजार, लग्न आमच्या दारात. मानपानाच्या साड्यांचं तुम्हाला माहितीच असेल, तीनशे-चारशेची साडी घ्यायची, ती ती बाई कधी नेसत नाही, पिशवीतून काढून दुसऱ्याच्या लग्नात देते, एकेक साडी चार-चार गावं फिरून येते. आमच्या बाजूने नुसत्या 40 साड्या धरल्या तरी 16 हजार होत होते. आईला हे पटत होतं पण भीती वाटत होती. ती सारखी म्हणायची, पैशाचं माणूस विसरतं गं, मानाचं विसरत नाही.

साडीऐवजी आम्ही हळद द्यायची ठरवली. वाईकडची हळद म्हणजे आमच्या घरचंच सोनं, गेल्या वर्षीची हळकुंडं शिल्लक होती, ती कांडपावर दळून आणली, 25 किलो. माझ्या चुलतीकडे शिवणयंत्र आहे, तिने आईच्या आणि आजीच्या जुन्या नऊवारींच्या काठांच्या शंभर पिशव्या शिवल्या, प्रत्येकीत पाव किलो, वर नाडी. एकीसारखी दुसरी नाही. आलेल्या प्रत्येक बाईला हळद-कुंकू लावून ती पिशवी दिली.

जागा ठरली आमचं घरामागचं वावर, सोयाबीन निघाल्यावर तिथे काही न पेरता मोकळं ठेवलं. बांधाकडेच्या चार ओळींत मात्र आण्णांनी झेंडू लावला. रोप लावल्यापासून झेंडूला दोन महिने तरी लागतात, त्या हिशोबाने नोव्हेंबरच्या शेवटी नर्सरीतून 300 रोपं आणली. महिन्याने आण्णांनी सगळ्या रोपांचे शेंडे खुडले तेव्हा मी फोनवर ओरडलेच, पण शेंडा खुडला की फुटवे जास्त येतात आणि फुलं थोडी लांबतात, आपल्याला पाहिजे त्या दिवसावर आणता येतात, हे त्यांना माहिती होतं. लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी 22 किलो फुलं निघाली. आण्णा इतके दिवस या लग्नात जरा बाजूला बाजूला असायचे, कर्ज काढू दिलं नाही याचं त्यांना लागलं होतं असं मला वाटतं, पण फुलांच्या करंड्या भरायला लागल्या तेव्हा स्वतः एकेक करंडी उचलून मांडवात नेत होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, घरची हायत.

लग्नाला चार दिवस असताना कालव्याचं आवर्तन, म्हणजे पाळीचं पाणी, सुटलं आणि शेजारच्या उसाला पाणी चाललेलं असताना रात्रीत ते आमच्या वावरात झिरपलं. सकाळी अर्ध्या वावरात पाय रुतत होता. मी पुण्याहून निघालेच होते, एसटीत बसून हे ऐकलं आणि डोळ्यांपुढे काही दिसेना. पण भावकीतली पोरं जमली, मांडव वरच्या अंगाला सरकवायचा ठरलं आणि ओल्या भागावर दोन ट्रॉल्या उसाचं पाचट पसरलं. त्या पाचटावरच मग पंगती बसल्या, मऊ आणि कोरडं. मांडववाल्याकडून नुसतं वरचं कापड, 150 खुर्च्या आणि साऊंड घेतला, 18 हजारात. बाकी मांडव आमच्या माणसांनीच घातला. मांडवडहाळ्यांची गाडी वाजत-गाजत आली, आंब्याचे आणि जांभळाचे डहाळे, चार खांबांना केळीचे खुंट, आणि पाठीमागे स्टेजला काय लावायचं यावर खूप डोकं चालवून शेवटी आजीच्या आणि चुलत्यांच्या इरकली साड्या उभ्या सोडल्या आणि मधे ज्वारीच्या कणसांच्या पेंढ्या बांधल्या. डोंगराकडेला पळस फुलायला लागला होता, पोरांनी त्याच्या फांद्या आणल्या. 40 हजाराचं डेकोरेशन कसं झालं असतं मला माहीत नाही, पण नवरा-नवरी आजीच्या साडीपुढे उभी होती हे मला फार आवडलं. आजी असती तर तिने काठावरून ओळखलं असतं कुठली कधी घेतली.

जेवणाबद्दल जरा सविस्तर लिहिते कारण सगळे तेच विचारतात. आचारी शेजारच्या गावचा, मजुरी 9 हजार दोन हाताखालच्या माणसांसकट, सामान आपलं. मी त्याला पनीर, गुलाबजाम असलं काहीतरी सांगायला लागले तर तो म्हणाला ताई, तुमच्या घरात खपली गहू आहे ना, मग खीर करा, हॉटेलातलं लोकांना रोज मिळतंय. गव्हाची खीर म्हणजे आमच्या बाजूचं खरं लग्नाचं पक्वान्न. 12 किलो खपली सडून, म्हणजे कांडून साल काढून घेतली, रात्रभर भिजत घातली, पहाटे चुलवणावर काहिलीत शिजायला टाकली, चांगली मऊ झाल्यावर 14 किलो गूळ, खोबरं, खसखस, सुंठ, वेलची, जायफळ. दूध त्यात घालायचं नाही, गरम खिरीत गुळाबरोबर दूध फाटतं, ते वाढताना वरून द्यायचं. त्याबरोबर पुरी, वांगं-बटाट्याचा रस्सा, मसालेभात, आमटी, काकडीची कोशिंबीर आणि मठ्ठा. 230 माणसाला त्याने 16 किलो तांदूळ, 20 किलो कणीक, 25 किलो वांगी आणि 20 किलो बटाटे काढले, आणि मला बाजूला घेऊन म्हणाला पाच किलो तांदूळ आणि दोन किलो तूरडाळ वेगळी बांधून ठेवा, कुणाला सांगू नका. किराणा 31 हजार, भाजी-दूध-ताक साडेअकरा. भांडी गावातल्या देवळाची, पाच-सहाशे माणसाचा स्वयंपाक होईल एवढी टोपं आणि परातींचा ढीग देवळात पडून असतो, पावती फाडायची 1500 रुपयाची आणि घासून परत द्यायची. शहरातल्या माणसाला हे सगळं जमणार नाही मला माहितीये, मी पुण्यातच राहते, पण सोसायटीत, ओळखीत असं काय काय पडून असतं ते एकदा विचारून तरी बघा, विकत घ्यायच्या आधी.

पुण्यातून मी फक्त बारीक सामान नेलं. रविवार पेठेत बोहरी आळीत एक शनिवार घालवला, पत्रावळ्या, द्रोण, ग्लास, दोरा, मुंडावळ्या, हे सगळं तिथे होलसेलमध्ये मिळतं, तुळशीबागेतून बांगड्या. कपड्यांना 27 हजार लागले, हा एकच आकडा माझ्या हातातून थोडा सुटला, पण आण्णांना नवीन धोतर-फेटा आणि आईला चांगली साडी घ्यायचीच होती, त्यात मी काटकसर केली नाही आणि त्याचं मला काही वाटत नाही. फोटोला एकच फोटोग्राफर अर्धा दिवस, 14 हजार. त्याला मी कागदावर लिहून दिलं कुणाकुणाचे फोटो पाहिजेत, हे नक्की करा, नाहीतर स्टेजवरच्या रांगेचेच दोनशे फोटो येतात. तरी माझ्याकडून रुखवताचं लिहायचं राहिलं, त्याचे चुलतभावाच्या मोबाईलवरचे तीनच फोटो आहेत.

आणि रुखवतच सगळ्यात सुंदर होता. धाकटीच्या मनात आलं की नवरा बियाण्याच्या दुकानात, आपण बेण्याचा रुखवत मांडू. भावकीतल्या आणि गावातल्या बायकांना सांगितलं, भांडी-बिंडी आणू नका, तुमच्या घरचं एक मूठ बी आणा. 31 बाटल्या भरल्या. हावरी, कारळा, नाचणी, वरई, पावटा, कुळीथ, खपली, देशी लसूण, कोरेगावकडच्या मावशीने वाघ्या घेवडा आणला, एका म्हाताऱ्या काकीने कुठलीशी काटेरी वांग्याची बी राखेत घोळून फडक्यात बांधून आणली, तिच्या सासूपासूनची. प्रत्येक बाटलीवर आणणाऱ्या बाईचं नाव. मुलाकडच्या बायका पदार्थ बघायला वाकल्या आणि नावं वाचत राहिल्या. धाकटीने त्यातली बरीचशी सासरी परसात लावली, काही उगवली काही नाही.

हळदीच्या दिवशी डीजे नव्हता. सकाळी घाणा भरला, मुसळांना आंब्याची पानं आणि खण बांधून उखळात हळकुंडं कांडली, तेव्हा चुलत आजीने ओव्या म्हटल्या. ती 80च्या पुढची आहे, तिला एरवी कुणी काही म्हणायला सांगत नाही. कार्यालयात हा कार्यक्रम दहा मिनिटांत उरकतात, इथे तो अडीच तास चालला, बायका कांडत होत्या, रडत होत्या, हसत होत्या, मी मोबाईलवर सगळं रेकॉर्ड केलं. मला कुणी विचारलं की दीड लाखातलं सगळ्यात महाग काय, तर मी तेच म्हणेन, त्याला एक रुपया लागला नव्हता.

लग्नाच्या दिवशी साडेअकराचा मुहूर्त. हलगीवाले गावातलेच, 6 हजार. नवरदेव देवळातून चालत आला. ऐन मंगलाष्टकांना लाईट गेली, आमची लाईन शेतीच्या फीडरवरची, साऊंड बंद, भटजींचा आवाज तिसऱ्या रांगेलाही जाईना. तेव्हा माझी मावशी आणि दोन चुलत्या पुढे झाल्या आणि त्यांनी मंगलाष्टकं गळा मोकळा करून म्हटली. माईक नव्हता म्हणून मागचे लोक बोलायचे थांबले, खुर्च्या सोडून पुढे आले, अंतरपाटाभोवती अशी दाटी झाली की मला धाकटीचं तोंडही दिसेना. अक्षता म्हणून आम्ही झेंडूच्या पाकळ्या वाटल्या होत्या, पायाखाली तांदूळ तुडवायचे नाहीत म्हणून, तर सगळं वावर पिवळं झालं.

जेवायला 300 माणूस झालं. घरटी एक सांगितलेल्या घरांतून पोरांसकट दोन-दोन, तीन-तीन आले, ते व्हायचंच. तिसऱ्या पंगतीला मठ्ठा संपला, चौथीला पुऱ्या, पण तो बांधून ठेवलेला तांदूळ आणि डाळ कामाला आली, आचाऱ्याने अर्ध्या तासात दुसरं टोप उतरवलं. तो म्हणायचा गोड आणि भात कमी पडू द्यायचा नाही, बाकीच्याला कोण नावं ठेवत नाही. खीर शेवटपर्यंत पुरली. घरच्या लोकांनी चार वाजता भात, आमटी आणि खीर खाल्ली.

या सगळ्या गडबडीत आत्याचं झालं. पहिली पंगत बसायच्या आधी मी माईकवर, तोवर लाईट आली होती, सगळ्यांना हात जोडून सांगितलं की दोन्ही घरांनी मिळून आहेर बंद ठेवलाय, कृपा करून कुणी आहेर करू नये, तुम्ही आलात हेच आम्हाला आहे. बोलता बोलता माझं लक्ष स्टेजच्या पायरीकडे गेलं तर थोरली आत्या तिथे उभी होती, हातातल्या पिशवीतून आईसाठी आणलेली साडी तिने अर्धी बाहेर काढली होती. माझं बोलणं ऐकून तिने ती परत आत सारली. मला दिसलं, आणि तरी मी माईक ठेवून पंगतीकडे गेले, कारण पत्रावळ्या मांडायच्या होत्या. आत्या आण्णांची थोरली बहीण, या घरातलं प्रत्येक लग्न तिच्या हाताने झालंय, धाकटीला न्हाऊ-माखू तिने घातलंय. तिला आमच्याकडून साडी मिळाली नाही आणि तिची साडीही आम्ही घेतली नाही, आणि हे तिला तिनशे माणसांत, माईकवरून कळलं. ती पहिल्याच टेम्पोने गेली. हळदीची पिशवी खुर्चीवरच राहिली होती.

चार दिवसांनी मी आण्णांना विचारलं. ते गेले होते आत्याकडे, पत्रिका दिली होती, चहा घेतला, उसाचं, पाण्याचं बोलले, आणि उठून आले. मानपान बंद केलाय हे थोरल्या बहिणीला सांगायला त्यांची जीभ उचलली नाही. माझ्या वहीत आत्याच्या नावापुढे टिक होती, कारण आण्णा जाऊन आलो म्हणाले होते. 94 जणांना मी सांगितलं, आणि जिला सगळ्यात आधी, शेजारी बसून, विचारायला पाहिजे होतं तिला सांगायचं मी दुसऱ्यावर सोडलं. आण्णांना मी काही बोलले नाही, चूक माझी पण तेवढीच होती. तिला ठरवतानाच बोलवायला पाहिजे होतं, याद्यांच्या आधी.

हिशोब लागला 1 लाख 44 हजार, त्यात मुलाकडचे 25 आले, म्हणजे आमचे 1 लाख 19 हजार गेले. उरलेल्या पैशातून आईने दोन शेळ्या घेतल्या.

मग लग्नाच्या नोंदणीचं निघालं. ग्रामपंचायतीत ग्रामसेवकच (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) विवाह निबंधक असतात, लग्नापासून 90 दिवसांच्या आत नोंद केलेली बरी, नमुना ‘ड’चा फॉर्म, तीन साक्षीदार, दोघांचे वयाचे आणि रहिवासाचे पुरावे, लग्नातला फोटो आणि लग्नपत्रिका. आम्ही पत्रिका मोबाईलवरच पाठवल्या होत्या, देवापुढे ठेवायला आणि थोरामोठ्यांना द्यायला म्हणून फक्त 60 छापल्या, आणि आता शोधतोय तर घरात एक पण नाही. तुम्ही करणार असाल तर फाईलमध्ये दोन आधीच ठेवा. कुणाकडे असेल म्हणून विचारत गेलो तर कुणी पोरांच्या वह्यांना लावलेली, कुणाची हरवलेली. आई म्हणाली, वन्संकडे असंल.

मी, आई आणि धाकटी तिघी गेलो. आईने ती हळदीची पिशवी बरोबर घेतली होती. आत्याने दार उघडलं, या म्हणाली, पाणी दिलं, आणि स्वयंपाकघरात गेली ती वीस मिनिटं बाहेर आली नाही. आत भाकरी थापल्याचा आवाज येत होता. मी उठून आत गेले आणि तिला सांगितलं, आत्या, तुला आधी सांगायला पाहिजे होतं, मी यायला पाहिजे होतं. ती तव्याकडे बघतच म्हणाली, मी काय साडी मागणार हुते का? मला इचारलं आसतं तर मीच म्हणले आसते, करा बंद. मग डोळे पुसले आणि म्हणाली ताटं घे.

जेवणं झाल्यावर तिने कपाटातून ती साडी काढली आणि आईच्या मांडीवर ठेवली. आईने घेतली, नको म्हटलं नाही. हळदीची पिशवी आत्याने उघडून वास घेतला, काठावरून बोट फिरवलं आणि म्हणाली ही आमच्या आईची हिरवी. मी पत्रिकेचं विचारलं तर देव्हाऱ्यात देवाच्या फोटोमागून काढली, हळद-कुंकू लावलेली, घडीसुद्धा मोडलेली नव्हती. धाकटीच्या हातात देताना म्हणाली, झेरॉक्स काढा आन ही मला परत आणून द्या.